तुपाच्या बरणीचं गाणं

रियाधमधली पहिली मराठी कंट्री-पॉप गायिका मी. असं मी म्हणत नाही, माझी मुलगी म्हणते, आणि तेही इंग्रजीत. पहिली असण्यात माझा पराक्रम एवढाच की दुसरी कुणी नव्हतीच. गिटार गळ्यात अडकवून, ओवीच्या चालीवर, इकाम्यावर, म्हणजे इथं राहायच्या परवानगीच्या कार्डावर, आणि कोथिंबिरीवर स्वतः गाणी रचणारी बाई इथल्या लोकांनी माझ्याआधी पाहिली नव्हती. पाहिली असती तर तिला कुणी शहाणीसुरती म्हटलं नसतं.

गिटार मला शिकवली आमच्या मजल्यावरच्या फिलिपिनो नर्सनं. नवरा बँकेत, संगणक विभागात. तो सकाळी गेला आणि मुलगी शाळेच्या बसमध्ये चढली, की मी आणि भिंती. नर्सची रात्रपाळी संपलेली असायची, तिला झोप यायची नाही आणि मला करमायचं नाही. ती मला बोटं कुठं ठेवायची ते दाखवायची, मी तिला उपमा खायला घालायची. तिची बदली झाली तेव्हा गिटार माझ्याकडे ठेवून गेली. त्या काळी आम्ही खिडक्या लावून, पडदे ओढून वाजवायचो, कारण बाहेर गाणं-बजावणं म्हणजे नको ती भानगड. आता त्याच शहरात मोठमोठ्या जलशांची पोस्टरं लागतात आणि मी स्वतः गाडी चालवत गिटार घेऊन कार्यक्रमाला जाते. बघता बघता दिवस कुठल्या कुठं गेले.

तर मला तीन-चार सूर जुळवता येऊ लागले, पण गायचं काय? सिनेमातली गाणी माझ्या गळ्यात नीट बसत नाहीत, पट्टी वर गेली की माझा आवाज फाटतो. मग एकदा भाजी निवडता निवडता मी सासूबाईंची ओवी गुणगुणायला लागले आणि ती त्या तीन सुरांत अशी काही बसली की मी भाजी तशीच टाकून उठले. आमचं सासर कराडजवळच्या एका गावात. माझ्या सासूबाईंना काम करता करता ओव्या जुळवायची सवय. भांडी घासताना, शेंगा फोडताना, गाईची धार काढताना, जे समोर दिसेल त्यावर त्या दोन ओळी म्हणून मोकळ्या. मी नवी नवरी असताना माझ्या भाकरीच्या आकारावरही एक ओवी झाली होती. त्या चाली मी उचलल्या, त्यात गिटार घातली आणि शब्द माझे घातले. माझ्या कारकिर्दीचं भांडवल म्हणाल तर ते असं उसनवारीचं आहे.

जोडीदारीण मिळाली ती रत्नागिरीची. तिचा नवरा इथं सुक्या मेव्याचा व्यापार करतो, आणि ही आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. मी तिला भाभी म्हणते, ती मला बाय म्हणते. तिच्याकडच्या लग्नांत बायका ढोलकावर गाणी म्हणतात, नवऱ्याच्या आईपासून आत्यापर्यंत सगळ्यांची खेचतात. त्यामुळे तिचा हात ढोलकावर असा बसलेला की मी ताल चुकले तरी ती मला दरडावून जागेवर आणते. पहिल्यांदा माझं गाणं ऐकून ती म्हणाली होती, काय गो हे, अर्धी नांगरणी नि अर्धी पार्टी. मुलीनं त्याचंच भाषांतर कंट्री-पॉप असं केलं.

वाढदिवस, भिशी, डोहाळेजेवण, जिथं बोलावतील तिथं आम्ही जायचो. गाडीचा परवाना मिळाला त्यावर गाणं केलं. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आपला इथला मुक्काम असतो तो मालक, त्याच्या नावानं लाडीगोडीचं गाणं केलं. ते गाणं म्हटलं की पुरुष माणसं हसून हसून डोळे पुसायची, कारण हसण्यापलीकडं त्यांच्या हातात काही नव्हतं. एकदा अल खर्जला गेलो, दुग्धशाळेतल्या मराठी मंडळींनी बोलावलं होतं. मोकळ्या अंगणात खुर्च्या आणि वाऱ्यावर शेणाचा वास. भाभीनं नाकाला दुपट्टा लावला, आणि मी मात्र इतकी खूश झाले की चार गाणी जास्त म्हटली. शेणाचा वास मला इतकी वर्षं मिळाला नव्हता. आमचे हे म्हणाले, आता खरं तुझं कंट्री संगीत झालं.

बरणीचं गाणं झालं ते हादग्याच्या दिवशी. पुण्याकडे भोंडला म्हणतात, आमच्याकडे हादगा. नवरात्राच्या दिवसांत पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती बायकांनी फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. आम्ही त्यासाठी शहराबाहेर एक इस्तिराहा घेतो. इस्तिराहा म्हणजे भिंतीआडचं भाड्याचं शेतघर, त्यात हिरवळ, पोहायची टाकी आणि मांस भाजायची शेगडी. हत्ती खडूनं काढायला पाट नाही, म्हणून कुणीतरी ऑफिसातून छापून आणलेला. आणि फेराची गाणी कुणालाच धड पाठ नाहीत. पहिली ओळ सगळ्यांना येते, दुसरीला सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. मग मी म्हटलं, जाऊ दे, मीच करते. हादग्यात सासूला नावं ठेवायचीच असतात, तो रिवाजच आहे. मी गिटार घेतली आणि जे जुळलं ते म्हटलं.

तुपाची बरणी बाई फडताळात बसे
किल्ली तिची दिसे सासूच्या कमरेला

भाकरी कोरडी बाई गिळते पाण्यासंगं
तुपाचा गं रंग सपनात बघते मी

पुढं आणखी बरंच होतं. सासू तुपाचा वास मोजून देते, मांजरीला चमचा आणि सुनेला झाकण, असलं काय काय. बायका फेर सोडून खाली बसल्या, इतक्या हसल्या. माझ्या मुलीनं मोबाइलवर सगळं घेतलं आणि मला न विचारता जगासमोर टाकलं. महिन्याभरात ते गाणं माझ्याआधी घराघरांत पोचलं होतं. कुठंही गेले की पहिली फर्माईश तीच, आणि मला मेलीला त्याचा गर्व पण झाला.

खरं सांगते, त्या गाण्यात एक अक्षर खरं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी तुपाला कुलूप लावलं असतं तर माझं कल्याण झालं असतं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांनी मला तुपात अक्षरशः बुडवून काढलं. मी ताटावर हात आडवा धरायची, तर त्या बोटांच्या फटीतून तूप सोडायच्या. मग ती किल्ली कुठून आली? यमकातून. ‘बसे’ला ‘दिसे’ जुळलं, काय दिसे म्हणून किल्ली आली, आणि किल्लीला लटकायला सासूची कमर लागली. कवी लोक ह्याला प्रतिभा म्हणतात म्हणे.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. हादग्यात फेर धरून सासूला कितीही बोला, ती सासू कुणाचीच नसते. तीच सासू गिटार घेऊन एकट्या बाईनं ‘मी, मी’ म्हणत गायली, की ती त्या बाईचीच होते. आमच्या सगळ्या मैत्रिणींनी त्या गाण्यावर देवाशप्पथ विश्वास ठेवला. एक जण हळूच माझा हात धरून म्हणाली, किती सोसलंस गं. दुसरीनं मला घरी बोलावून शिरा केला आणि मी खात असताना डोळ्यांत पाणी आणून बघत बसली. मी सुरुवातीला सांगायचे, अगं बाई, तसं काही नाही, माझी सासू भली आहे. त्यावर त्या एकमेकींकडे बघायच्या. सासूला भली म्हणणारी सून म्हणजे किती दबलेली असेल. शेवटी मी सांगायचं सोडून दिलं. सासूबाई तिकडं कराडला, आम्ही इकडं, कुणाचं काय बिघडतंय?

मग थंडीत सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या.

त्यांचं येणं आमच्या घरात किती वर्षं घोळत होतं. सासरे गेल्यापासून त्या गावातल्या घरी एकट्याच. आम्ही बोलवायचं, त्यांनी म्हणायचं, गाय आहे. गाय विकली तर म्हणायचं, मांजर आहे. ह्या वेळी मात्र त्यांनी आपणहून फोन केला की येते. आमचे हे इतके खूश झाले की त्यांनी पाहुण्यांच्या खोलीला रंग लावून घेतला. मीही खूश होते. फक्त मनात कुठंतरी खुटखुटत होतं की ते गाणं त्यांच्या कानावर जाता कामा नये. आयुष्यात पहिल्यांदा त्या आमच्या दारात येताहेत. चार दिवसांत मन खट्टू होऊन परत निघाल्या, तर पुन्हा पाऊल टाकायच्या नाहीत. बाई मोठी मानी आहे, मला ठाऊक आहे.

विमानतळावर मी आणि भाभी घ्यायला गेलो. सासूबाई बाहेर आल्या, पदर नीट, आणि ढकलगाडीवर सगळ्यात वर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी. घरी येऊन त्यांनी चिकटपट्टी सोडवली. आत तुपाची बरणी. चांगली मोठी, गळ्यापर्यंत भरलेली, घरचं लोणकढं. भाभीनं बरणी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि नमाजची वेळ झाली असं सांगून जिन्यातून धावत खाली गेली. तिचा हसण्याचा आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला. सासूबाई म्हणाल्या, गुणी बाई दिसते, नमाजला किती आनंदानं जाते. मी बरणी फडताळात ठेवली.

सासूबाईंना रियाध आवडलं. मी त्यांना मेट्रोतून फिरवलं, तर मधेच उठून म्हणाल्या, चालवणारा कुठं दिसत नाही गं ह्याला. चालक नसतोच म्हटल्यावर त्या दोन स्टेशनं रामाचं नाव घेत बसल्या आणि तिसऱ्याला म्हणाल्या, बरंय, कुणाचं ऐकून घ्यायला नको. इथं अबाया, म्हणजे वरून घालायचा तो काळा झगा, आता आपल्याला सक्तीचा नाही, पण त्यांनी हौसेनं घेतला आणि उतरवायला तयार होईनात. साडीला खिसा नसतो, ह्याला दोन आहेत, हे त्यांचं कारण. एका खिशात चष्मा, दुसऱ्यात भाजके शेंगदाणे. नात त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, त्या नातीशी मराठीत, आणि दोघींचं माझ्याविरुद्ध अगदी एकमत व्हायचं. त्यांना मी माझी सगळी गाणी म्हणून दाखवली. परवान्याचं, कफीलचं, कोथिंबिरीचं. त्या मान डोलवायच्या आणि चाल कुठं घसरली ते अचूक सांगायच्या. बरणीचं सोडून सगळी दाखवली. प्रत्येक वेळी शेवटी त्या विचारायच्या, झाली सगळी? मी म्हणायची, झाली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझे खरे नाकी नऊ आले. ज्या घरी जाऊ तिथं गूळपोळी, आणि गूळपोळी म्हटली की तूप आलंच. वाढणारी बाई सासूबाईंच्या देखत माझ्या पोळीवर पळीनं तूप ओतायची आणि ठसक्यात म्हणायची, घे गं, आमच्याकडे कुलूप नसतं. दुसरीकडे गेलो, तिथं आणखी मोठी पळी. सासूबाईंच्या पोळीवर मात्र थेंब थेंब, जणू सुनेला कसं वाटत असेल ते त्यांना कळावं. एका घरी तर आठ-दहा जणी सासूबाईंच्या कमरेकडे टक लावून बघत होत्या. सासूबाई शांतपणे शेंगदाणे खात होत्या. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाल्या, इथल्या बायका तुझे फार लाड करतात. मी पुढच्या सिग्नलला उगाचच हॉर्न वाजवला.

आणि नेमका तेव्हाच आमचा मोठा कार्यक्रम ठरला. इतके दिवस आम्ही घरांत आणि इस्तिराहात गायलो होतो, बायकांपुढं नाहीतर ओळखीच्या मंडळींपुढं. ह्या वेळी खरं सभागृह, खरं व्यासपीठ, ध्वनियंत्रणा, आणि शहरातली झाडून सगळी मराठी कुटुंबं. पोस्टरवर माझा फोटो, गिटारसकट. मी ते पोस्टर स्वयंपाकघरात लावलं होतं आणि भाजी ढवळताना त्याच्याकडे बघायची, हे कबूल करते. कार्यक्रम करणाऱ्या मंडळींनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. बाकी काय हवं ते म्हणा, बरणी झालीच पाहिजे, लोक त्यासाठीच येताहेत. आणि पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची ठेवली होती, गायिकेच्या सासूबाईंसाठी.

झालं. गाणं म्हणावं तर सगळ्या गावासमोर घरच्या माणसाची अब्रू काढल्यासारखं, आणि न म्हणावं तर इतक्या वर्षांनी मिळालेलं व्यासपीठ पहिल्याच दिवशी हातचं जायचं. नवऱ्याला विचारलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, तुम्ही दोघी ठरवाल ते. म्हणजे डोंबल ठरवाल. दोघींपैकी एकीला तर पत्ताच नव्हता. मुलगी म्हणाली, मम्मा, इट्स जस्ट अ साँग. भाभीला विचारलं, तर ती ढोलकाच्या दोऱ्या आवळत म्हणाली की आमच्यात जिची थट्टा करतात, तिला मधोमध बसवतात. मला तो सल्ला वाटलाच नाही. मी ठरवलं, गाणं गाळायचं. लोक ओरडतील तर ओरडू देत.

कार्यक्रम दुपारी कलत्या उन्हाला सुरू झाला. सभागृह भरलेलं. पहिल्या दोन गाण्यांत माझा आवाज असा थरथरला की लोकांना ती गायकी वाटली. मग जम बसला. कफीलच्या गाण्याला मागच्या रांगेतले बापे उभे राहून नाचले. पण प्रत्येक गाणं संपलं की कुठून तरी हाक यायची, बरणी! मी ऐकलं न ऐकलंसं करून पुढचं सुरू करायची. पहिल्या रांगेत सासूबाई अबायाच्या खिशात हात घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या आजूबाजूच्या बायका त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं बघत होत्या.

मग मावळतीच्या नमाजची, मगरिबची, अजान झाली आणि रिवाजाप्रमाणे सगळं थांबलं. यंत्रं बंद, दिवे अर्धे. भाभी आणि आणखी काही जण शेजारच्या खोलीत नमाजला गेले, बाकीचे चहाला. मी एक कप घेऊन सासूबाईंपाशी गेले. त्या एकट्याच बसल्या होत्या. चहा हातात घेऊन त्यांनी सरळ विचारलं,

“बरणीचं कधी म्हणणार?”

माझ्या हातात कप असता तर पडला असता. मी कसंबसं विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

“सांगायचं काय त्यात? दिवाळीपासनं आख्ख्या गावात वाजतंय. भजनाला बसलं की बायका माझ्या कमरेकडं बघत्यात, किल्ली कुठाय म्हणून. वाण्यानं मला कुलूप दाखवलं, घेता का म्हणून.”

मी त्यांच्या पायाशी खालीच बसले. म्हटलं, आई, ते सगळं खोटं आहे, नुसतं यमकासाठी. तुम्हाला किती वाईट वाटलं असेल. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जसं मी मीठ म्हणून साखर घातली आहे.

“सासूला बोललीस त्याचं कसलं वाईट? हादग्याला आम्ही काय कमी बोललो? माझी सासू माझ्याच शेजारी फेर धरायची. माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणायची. तोंडावर म्हणायचो आम्ही, मागनं नाही. तू सगळी गाणी म्हणून दाखवलीस मला. तेवढं एकच लपवलंस. ते ऐकायलाच आले होते मी.”

त्यांचा आवाज शेवटी जरा बारीक झाला. बरणी बांधून, मांजर मागं ठेवून, न येणारी बाई विमानात बसून आली, रोज विचारत राहिली, झाली सगळी? आणि मी रोज सांगत राहिले, झाली. इतक्यात भाभी परत आली, दिवे लागले, आणि मला वर जावं लागलं.

मी गिटार गळ्यात घातली आणि ध्वनिवर्धकात म्हटलं की आता बरणीचं गाणं होईल. सभागृहात नुसता गलका. तो थांबल्यावर म्हटलं, पण हे हादग्याचं गाणं आहे, आणि हादग्याचा फेर एकटीनं होत नाही. आई, वर या. सासूबाई उठल्या. खिशातले शेंगदाणे त्यांनी शेजारच्या बाईच्या हातात ठेवले, पायऱ्या चढून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि दोन्ही हातांनी अबाया बाजूला करून कमर सगळ्या लोकांना दाखवली. किल्ली नव्हती. लोक खुर्च्यांवरून पडायच्या बेताला आले. मला त्रास देणारी पळीवाली बाई पदरात तोंड घालून हसत होती.

मी गायला लागले. त्या माझ्याच तोंडावर, माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणत होत्या. त्यांना सगळं पाठ होतं. मांजरीच्या चमच्याला त्यांनी असा हेल काढला की भाभीनं ढोलकावर थाप मारून दाद दिली. शेवटचं कडवं झालं, मी सूर सोडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. थांब, अशी खूण. भाभीला तालाची खूण. भाभीनं ठेका चालू ठेवला, अगदी हळू. आणि सासूबाईंनी स्वतःची ओवी म्हटली. तीच चाल, भांडी घासतानाची.

आता बरणीला बाई कुलूप कशाला लावू
तूप कुणा वाढू, सून माझी दूरदेशी

त्यांनी ती दोनदा म्हटली, जशी ओवी म्हणतात तशी. मला गिटार वाजवता आली नाही. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, भर व्यासपीठावर, पोस्टरवरच्या फोटोची सगळी ऐट घालवून. तिसऱ्या रांगेत आमचे हे चष्मा काढून बसले होते आणि पुसत नव्हते. सगळ्या सभागृहात एवढी माणसं आई-बापांना गावी ठेवून आलेली, कुणी कुणाकडे बघेना. ढोलक मात्र थांबला नाही. भाभी वाजवत राहिली, खाली मान घालून. मग सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाल्या, पुरे आता, पुढचं म्हण, लोक बसलेत.

त्या दिवसापासून शेवटचं कडवं त्यांचं. पोस्टरवर आता मी ‘गीत’ पुढं दोघींची नावं घालते, आणि त्या फोनवर विचारतात की माझं नाव आधी का नाही. बायकांनी त्यानंतर आमच्या घरी रांग लावली, सासूबाईंच्या पानात तूप वाढायला. त्या नको म्हणायच्या, हात आडवा धरायच्या, आणि ह्या बोटांच्या फटीतून सोडायच्या. मी बाजूला उभी राहून बघायची. इतकी वर्षं वाट बघितली होती मी.

तीन महिने संपले. जायच्या दिवशी मी बरणी फडताळातून काढली. जेमतेम निम्मं तूप उरलं होतं. म्हटलं, दुसऱ्या भांड्यात काढून घेते, बरणी घेऊन जा, तुमच्या रोजच्या वापरातली आहे. त्यांनी माझ्या हातातून ती घेतली, झाकण घट्ट केलं, आणि परत फडताळात ठेवली.

“राहू दे इथंच. संपली की सांग. भरायला येते मी.”

त्यांना सोडून विमानतळावरून घरी आलो तेव्हा मुलगी भुकेजली होती. मी मऊ खिचडी टाकली. तिच्या ताटात वाढली, नवऱ्याच्या वाढली, माझ्या वाढली. मग बरणी खाली काढली आणि प्रत्येकाच्या खिचडीवर दोन चमचे जास्तच तूप घातलं.